लताबाईंचं बेळगाववरचं गाणं कुणाला ठाऊक आहे का? (आणि तुमचीही हरवलेली गाणी सांगा)

नंदगडचा नातू:
मंडळी, एक गाणं मी तीसेक वर्षं शोधतोय. आता लाज सोडून विचारतो.

आजोळ नंदगड, खानापूर तालुका. आजी पहाटे बंब पेटवताना एक गाणं गुणगुणायची. शब्द कधी नीट कळले नाहीत, कारण निम्म्या वेळी तिच्या तोंडात मिश्रीचं बोट असायचं. सुरुवात 'बेळ्ळनं बेळगा…' अशी काहीतरी. एकदा दुपारी तेच गाणं रेडिओवर लागलं आणि आवाज लताबाईंचा होता. त्यावर आजही पैज लावतो. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. हिशेब सोपा होता: लता मंगेशकरांनी आमच्या बेळगाववर गाणं म्हटलंय! टिळकवाडीला शाळेत जाऊन तसं जाहीर केलं. पोरांना पटलं, गुरुजींना नाही. म्हणाले, म्हणून दाखव. दाखवलं. नंतर दहावीपर्यंत माझं नाव 'लता' पडलं.

लताबाईंच्या मराठी गाण्यांच्या मिळतील तेवढ्या याद्या चाळल्या. बेळगाव कुठंच नाही. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं तिला विचारायची सोय नाही.

माझंच रडगाणं नको, म्हणून तुम्हीही एकेक गाणं द्या. अट एवढीच की ते तुमच्या घरात कसं आलं ते सांगायचं, नुसत्या लिंका डकवायच्या नाहीत. आणि 'कानडा राजा पंढरीचा' सोडून. ते सगळ्यांना माहीत आहे.

अनगोळचा अण्णा:
'कानडा राजा पंढरीचा'!

नंदगडचा नातू:
अण्णा, अट मोडलीत.

अनगोळचा अण्णा:
मोडणारच की ओ. माझं लग्न ठरलं त्या दिवशी सासऱ्यांच्या घरात ते लागलं होतं. सासरे कानडी, आम्ही मराठी. बोलायला विषय सापडेना. मग ते म्हणाले, यातले एक बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, आणि दुसरे आमचे गदगचे भीमण्णा, भीमसेन जोशी. मी म्हणालो, शब्द आमच्या गदिमांचे. '१९७०चा चित्रपट, झाला महार पंढरीनाथ' इथपर्यंत दोघांनी मिळून आठवलं आणि मग चहा आला. आता काढा अट.

तिरका डोळा:
बेळगाव की बेळगावी ते आधी ठरवा. लताबाईंनी कुठलं म्हटलंय? १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीचं का नंतरचं?

नंदगडचा नातू:
तो धागा वेगळा आहे, तिकडं चारशे प्रतिसाद झालेत. इथं फक्त गाणी.

वडगावचा माग:
आम्ही वडगावचे विणकर. घरात चार यंत्रमाग चालायचे, त्यामुळं रेडिओ ऐकायचा म्हणजे पूर्ण मोठा करूनच. शेजारच्यालाही तेच ऐकावं लागे, तक्रार कुणाची नाही, कारण त्याच्या घरीही माग आणि त्याचाही रेडिओ मोठा. गल्लीच्या एका टोकाला सांगली केंद्र, दुसऱ्या टोकाला धारवाड.

आमच्या घरात यावरून भांडण असे. धारवाड केंद्र १९५० चं, सांगली १९६३ चं. त्यामुळं वडिलांना धारवाडची सवय, तेरा वर्षं आधी लागलेली. आईला सांगलीचं मराठी हवं. काटा इकडून तिकडं फिरवताना मधे जी खरखर लागते ना, त्या खरखरीतच माझं संगीताचं शिक्षण झालं. अर्धा अभंग, मग खरखर, मग अर्धं वचन (कानडी शिवभक्तांच्या रचना, त्यांना वचन म्हणतात).

माझं गाणं: मल्लिकार्जुन मन्सूर, 'अक्क केळव्वा'. कानडी संत अक्कमहादेवीचं वचन. अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. पहाटे पाळी सुरू करायच्या आधी, माग बंद असताना ते लागायचं आणि वडील हातातला कांडीचा डबा तसाच धरून उभे राहायचे. एरवी ते कशासाठीही थांबत नसत. नातूसाहेब, तुमचं गाणं मात्र ओळखू येईना.

शहापूरची सून:
अय्यो देवा! नातूअण्णा, हसून हसून पोट दुखलं. ते बेळगाव नव्हे ओ! 'बेळ्ळने बेळगायितु'. माझं माहेर धारवाड, घरी कानडी, म्हणून सांगते. बेळ्ळने म्हणजे पांढरंशुभ्र. बेळगु म्हणजे पहाटेचा उजेड. आयितु म्हणजे झालं. लख्ख उजाडलं, एवढाच अर्थ. तुमची आजी पहाटे बंब पेटवताना अगदी वेळेवर म्हणत होती.

आणि तुमची पैज तुम्ही जिंकलात. आवाज लताबाईंचाच. चित्रपट 'क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा', १९६७. संगीत लक्ष्मण बेर्लेकर. लताबाईंची कानडी गाणी म्हणतात ती याच चित्रपटातली. दुसरं 'एल्लारे इरतीरो', तेही ऐका.

आता मला एक सांगा, नंदगडचं आजोळ असून हे तुम्हाला कळू नये?

वडगावचा माग:
ताई, _/\_

तिरका डोळा:
बेळगावातलं 'बेळ' तरी उजेडाचं का?

शहापूरची सून:
नाही. वेणुग्राम म्हणतात ना, ते बांबूचं. उजेड वेगळा, बांबू वेगळा.

नंदगडचा नातू:
ऐकलं. लागोपाठ चार वेळा. बायको आत येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

ताई, तुमचा टोमणा बरोबर आहे. रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी फाशी दिलं ते नंदगडलाच. त्याच्या समाधीपाशी तो मोठा वड आहे, सुट्टीत आम्ही त्याच्याखाली खेळलोय. ज्याच्या समाधीशेजारी गोट्या खेळलो त्याच्याच चित्रपटातलं गाणं तीस वर्षं मराठी याद्यांत शोधत बसलो. कानडी यादी एकदाही उघडली नाही. आवाज लताबाईंचा म्हणजे गाणं मराठी नाहीतर हिंदी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं.

'लता' हे नाव आता अभिमानानं लावीन म्हणतो.

खानापूर पॅसेंजर:
चुकीचं ऐकायचा विषय निघालाच आहे तर माझंही घ्या. 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'. पुरंदरदासांचं पद, भीमसेनजींच्या आवाजात. आमच्या घरमालकीणबाई दर शुक्रवारी लावायच्या. मला वाटायचं, लक्ष्मी एक आणि तिच्या बारा अम्मा. कुठल्या बारा, यावर मी नि माझी बहीण रात्री अंथरुणात यादी करायचो: यल्लम्मा, मायाक्का, दुरगव्वा, अंबाबाई… नवाच्या पुढं गाडी अडायची. मग शेजारच्या दोन काकूंना घेऊन भरती करायचो.

पुढं कॉलेजात मैत्रिणीनं फोड करून सांगितली, 'बा' म्हणजे ये आणि 'अम्मा' म्हणजे आई. ये गं आई. किती साधं! खरं सांगू, थोडं वाईटच वाटलं.

अनगोळचा अण्णा:
दोन काकूंची भरती =))

शिनोळी नाका:
मग माझ्याहून मोठा गाढव इथं कुणी नाही. कानडी संतकवी शिशुनाळ शरीफसाहेबांचं पद, 'कोडगन्न कोळी नुंगित्ता'. मला वाटायचं, कोणा कोळ्यानं कोण्या कोडग्याला गिळलं. मासे धरणारा कोळी, निर्लज्ज कोडगा. म्हणजे निर्लज्जाला अद्दल घडली, चांगली नीतिकथा आहे. बरीच वर्षं मी याच समजुतीत माना डोलवल्या.

शहापूरची सून:
कोडग म्हणजे माकड. कोळी म्हणजे कोंबडी. कोंबडीनं माकड गिळलं!

शिनोळी नाका:
होय ओ ताई, आता माहीत आहे. पण माझं कोडं तिथं संपलं नाही, सुरू झालं. कोंबडी माकड कसं गिळेल?

एका भजनात हार्मोनियमवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं. मराठी माणूस, भजन मराठी. ते म्हणाले, तुझी मुक्ताई काय म्हणते? 'मुंगी उडाली आकाशी, तिणें गिळिलें सूर्यासी'. मुंगीनं सूर्य गिळलेला चालतो तुला, कोंबडीनं माकड गिळलेलं नाही चालत?

त्या एका वाक्यानं गप्प झालो. मुक्ताई तेराव्या शतकातली, शरीफसाहेब १८१९ ते १८८९. मधे सहाशे वर्षं, दोन भाषा, आणि शरीफसाहेब मुसलमान घरातले, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. तरी खोड तीच: लहानानं मोठ्याला गिळायचं आणि ऐकणाऱ्याला रात्रभर झोपू द्यायचं नाही. आपल्याकडं कूट म्हणतात, कानडीत शरीफसाहेबांच्या पदांना तत्त्वपद म्हणतात. आमच्या भजनी मंडळात दोन्ही एका बैठकीत होतात. आधी मुक्ताई, मग शरीफ, मृदंगवाला तोच. एकदा मी मुद्दाम क्रम उलटा करायला सांगितला तर चालला नाही. कोंबडीनंतर मुंगी आली की लोक हसतात; मुंगीनंतर कोंबडी आली की गप्प होतात. का ते कुणी सांगेल तर बरं.

सी. अश्वथ यांच्या आवाजातलं जरूर ऐका. पण आमच्या गावच्या चिमट्यावरचं त्याहून भारी. (हे गावचा अभिमान म्हणून सोडून द्या.)

सांबऱ्याचा पाहुणा:
मुंगी-कोंबडीचा क्रम: मुक्ताईपाशी चमत्कार असतो, शरीफसाहेबांपाशी मिश्किलपणा. मिश्किलपणानंतर चमत्कार आला की खोटा वाटतो. माझं मत.

शिनोळी नाका:
पटलं. निम्मं.

सुळेभावीकर:
आयडीवरून कळलं असेल मी कुणाबद्दल बोलणार. ८ एप्रिल १९२४ रोजी आमच्या गावात शिवपुत्र कोमकळी जन्मले, ते पुढं कुमार गंधर्व झाले. रेल्वेनं बेळगावला कामाला येणाऱ्यांना स्टेशनच्या पाटीवर 'सुळेभावी' वाचून काही वाटत नाही. माझा एक पुण्याचा मित्र मात्र डब्यातून उतरून पाटीला हात लावून आला. गाडी सुटता सुटता राहिली.

माझं गाणं सगळ्यांना माहीत असलेलं आहे, पण त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी'. बाळ कोल्हटकरांचं नाटक 'देव दीनाघरी धावला', संगीत वसंत देसाई. लग्नाच्या हॉलात, साठीच्या कार्यक्रमात, जिथं दोन मराठी माणसं डोळे पुसायला जमतात तिथं हे वाजतं. गाणारे दोघं कोण? एक आमच्या सुळेभावीचे, कानडी घरातले. दुसऱ्या वाणी जयराम, वेल्लोरच्या, तमिळ घरातल्या. मराठी दोघांच्याही घरची भाषा नव्हे. मी हे आत्याच्या साठीला माईकवरून सांगितलं तर आत्या म्हणाली, गप बस, गाणं ऐकू दे.

शहापूरची सून:
आत्यांचं बरोबर आहे.

पेटीवाला बापू:
गाणी देवळातून, रेडिओवरून आली म्हणता. नाटकाला विसरू नका. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, आपल्याच जिल्ह्यात, १८४३ साली. ललितकलादर्श नाटक मंडळी निघाली ती पुण्या-मुंबईला नव्हे, हुबळीला, १ जानेवारी १९०८. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं हाताळली असतील तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून लिहिलेलं असतं, त्यात कानडी चालींचेही उल्लेख सापडतात. मी एवढ्यासाठीच जुनी पुस्तकं जमवतो. पद सोडून देतो, डोक्यावरची ओळ वाचतो. बायको म्हणते, जेवण सोडून पत्रावळ बघणारा माणूस.

तबकडीवेडा:
शनिवार खुटाजवळ एका जुन्या सामानवाल्याकडं मला ७८ची एक तबकडी मिळाली. लेबलवर गायिकेचं नाव 'गांधारी'. बारीक, उंच, मुलीचा असावा तसा आवाज. घरी आणून काकांना ऐकवली, विचारलं कोण? एकालाही सांगता येईना. गंगूबाई हनगल! सुरुवातीच्या तबकड्यांवर त्यांचं नाव गांधारी असायचं. पुढं टॉन्सिलच्या दुखण्यानंतर आवाज बदलला आणि तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज आला, जो आपण ओळखतो. जी. एन. जोशींबरोबर त्यांनी गायलेली मराठी भावगीतं आहेत, ती शोधून ऐका आणि कुणाला तरी नाव न सांगता ऐकवा. चेहरा बघण्यासारखा होतो.

विकत मिळेल का, असे व्यक्तिगत निरोप येऊ लागलेत. मिळणार नाही.

चिकोडीचा डफ:
आमच्या भागात गाण्याचं काम वेगळंच. गीगी पदं. डफ, तुणतुणं, ताळ, आणि पाठीमागचे 'गीय गीय' करत ओळ उचलणार. आपले शाहीर 'जी जी रं जी' करतात ना, तसंच. कानडी गीगीत दोन फड: हरदेशी आणि नागेशी. एक म्हणणार पुरुष थोर, दुसरा म्हणणार बाई थोर, आणि रात्रभर सवाल-जवाब. मराठीत तुरा आणि कलगी, वाद तोच: शिव मोठा की शक्ती?

आजोबा मराठी शाहिरीतले, तुऱ्याचे. कानडी समजायची जेमतेम. पण गावच्या जत्रेत हरदेशी-नागेशीचा सामना लागला की पुढं जाऊन बसायचे. मी विचारलं, आबा, तुम्हाला कळतंय काय? म्हणाले, कोण अडकलंय ते कळतंय. शब्द कशाला हवेत? अडकलेल्याचा डफ आधी बोलतो, तोंड मागनं.

त्यांना रेकॉर्ड केलेलं गीगी पद ऐकवलं तर आवडलं नाही. म्हणाले, यात समोरचा कुठाय?

निपाणीची नणंद:
डफवाले भाऊ, तुमच्या आबांना नमस्कार.

आमच्याकडं माघात डोंगराला जायचं. डोंगर म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचा, वेगळं सांगायला नको. आमच्या सासूबाई कानडीचं एक अक्षर बोलत नाहीत. बाजारात कानडी बाई भेटली तर बोटांवर भाव करतात. पण डोंगर चढताना चौंडक्यावर जोगतिणींनी पद धरलं की सासूबाई पूर्ण पद कानडीत म्हणतात, एक शब्द न चुकता. मी विचारलं, आई, अर्थ काय? तर म्हणाल्या, 'मला कशाला पाहिजे? जिला सांगायचं तिला कळतंय.' आणि पुढं 'उदं गं आई उदं'.

त्या पदाला नाव नाही, गायक नाही, लिंक नाही. चालेल का?

नंदगडचा नातू:
ताई, पळेल.

बेंगळूरची बेळगावकरीण:
धागा फारच म्हातारा होत चाललाय म्हणून मी येते. राजहंस बसमध्ये रात्री अकराला ड्रायव्हरनं 'झिंगाट' लावलं. शब्द कानडी! मला वाटलं झोपेत आहे. 'सैराट'ची कानडी आवृत्ती 'मनसु मल्लिगे', २०१७, संगीत अजय-अतुलचंच, नायिका रिंकूच. माझी कानडी रूममेट म्हणते, तुम्ही आमच्याकडून चोरलं. मी २०१६चं मूळ दाखवलं. तिनं शांतपणे शरीफसाहेबांचं पद लावलं आणि म्हणाली, हे चोरून दाखव. आता आम्ही दोघी स्वयंपाक करताना आळीपाळीनं लावतो. भाकरीला कानडी, भाताला मराठी.

तिरका डोळा:
आणि वांग्याला?

बेंगळूरची बेळगावकरीण:
वांग्याला शांतता. ते करपतं.

नंदगडचा नातू:
धागा वर काढतोय, कारण गोष्ट पुढं सरकलीय.

काल नंदगडच्या मावशीला फोन केला. आईची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढं. मोबाइल स्पीकरशी धरून गाणं ऐकवलं. ती लगेच म्हणाली, 'होय की, ह्येच. आम्ही तंबूत बघितलाय तो सिनेमा. तुझी आजी दोनदा गेली होती, तुझ्या आज्याला एकदाच सांगितलंय.' मग गाणं संपेपर्यंत गप्प.

संपल्यावर म्हणाली, पण आईचं गाणं हे नव्हे.

मी म्हटलं, आत्ताच तर हेच म्हणालीस!

म्हणाली, सुरुवात ही. पुढं आई तिचंच म्हणायची. 'बेळ्ळनं बेळगायितु' एवढं एकदा म्हणून झालं की जात्यावरच्या ओवीत शिरायची, मराठीत. मावशीनं दोन ओळी म्हणून दाखवल्या. उजाडलं म्हणती, गोठ्यात गाय हंबरती, अन् माझी लेक सासरी अजून निजली असंल का, असं काहीतरी. चाल मात्र लताबाईंचीच, ओवीची नव्हे. ओवी त्या चालीत बसायला थोडी ओढावी लागते, तिथं आजी 'गं बाई' घालायची.

म्हणजे मी जे ऐकत होतो ते अर्धं बेर्लेकरांचं आणि अर्धं आजीचं. 'लेक' म्हणजे माझी आई. ती तेव्हा बेळगावात.

पुढच्या ओळी मावशीला आठवत नाहीत.

शहापूरची सून:
अण्णा, मावशींना रविवारी सकाळी सकाळी फोन करा. बंब पेटवायच्या वेळेला. दुपारी नाही आठवणार ते.

खानापूर पॅसेंजर:
आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.

नंदगडचा नातू:
पावणेसहाचा गजर लावलाय.